सतरंजीवर फुटाणा

रायपुरात पंडरीच्या कापडबाजारात माघ महिन्यात पाऊस यावा, आणि नेमकी तेव्हाच पूर्णिमेच्या हातात आईच्या परकराच्या कापडाची पिशवी असावी, याला योग म्हणावं की भोग, ते त्या वरच्यालाच ठाऊक. ती पळत जाऊन एका दुकानाच्या पत्र्याखाली उभी राहिली. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, जसं कोणी मूठमूठ हरभरे फेकतंय. आणि तेवढ्यात… कोणीतरी तिची ओढणी ओढली.

पूर्णिमा जागच्या जागी गार! शेजारी एक उंच माणूस उभा, चष्म्यावर थेंब, तोंड शहाण्यासारखं करून आपला पावसाकडे बघणारा. ओढणी पुन्हा ओढली गेली.

"शरम नहीं आती?" ती अशी कडाडली की दुकानदाराच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला.

त्या माणसाने घाबरून दोन्ही हात वर केले. एका हातात चामड्याची बॅग, दुसऱ्यात कागदावर गरम भजी. दोन्ही हात भरलेले. मग ओढणी ओढली कोणी? दोघांनी एकदमच खाली पाहिलं.

चिखलात भरलेलं, भाजक्या फुटाण्याच्या रंगाचं एक पिल्लू तिच्या ओढणीचं टोक दातात धरून, चारी पाय रोवून, जणू कर्जाची वसुली करत होतं.

"अग्गं बाई!" पूर्णिमेच्या तोंडून निघालं. मग रुबाब सांभाळत म्हणाली, "आपके कुत्ते को बोलिए न, छोड़े।"

"मेरा नहीं है। मुझे लगा आपका है।"

"माझं? मले घरात कोणी—"

बोलणं अर्धंच राहिलं. मागे सरकणारा टेम्पो भोंगा न वाजवता आला, पिल्लू भेदरून थेट चाकाकडे धावलं. भजी पावसात उडाली, परकराचं कापड चिखलात गेलं, आणि दोघंही एकदमच वाकले. डोकी धाडकन आपटली. पण पिल्लू पूर्णिमेच्या ओढणीत आलं. टेम्पो गेला. आणि कोणाचं काळीज जास्त धडधडतंय, तिचं, त्याचं की त्या मुठीएवढ्या जिवाचं, ते काही कळेना.

त्याने तिथेच पिल्लाचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, पोटावर बोट फिरवलं. "पेट फूला है। कीड़े हैं। दवा देनी पड़ेगी… मैं जानवरों का डॉक्टर हूँ। ब्राह्मणपारा के मोड़ पर बैठता हूँ। चारुदत्त।"

"चारुदत्त? म्हणजे मराठी?"

"हव," तो लाजला. "नागपूरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आलेले आहोत… समझता सब हूँ। बोलने जाऊँ तो आई हँसती है।"

"मग हसू द्या न आईले. त्यांचं काय जाते?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. पिल्लू तोवर ओढणीत झोपूनही गेलं होतं. ज्याला झोप लागली, त्याला रस्त्यावर ठेवून येणारी छाती पूर्णिमेकडे नव्हती.

छाती अंजनाबाईंकडे होती. पूर्णिमेच्या आईकडे. रेल्वेतून निवृत्त झालेले नीलकंठराव तिचे वडील, पण घराचा कंदील म्हणा, काठी म्हणा, ती अंजनाबाईच. रायपूर राजधानी झालं, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पूर्णिमा नव्या मंत्रालयात टायपिंगला लागली, तरी घरातला कायदा जुनाच होता.

"हे काय आणलं माय?"

"पिल्लू."

"मले डोळे आहेत. काहून आणलं ते सांग."

पूर्णिमा तोंड उघडणार, तेवढ्यात पिल्लू ओढणीतून उतरलं, सरळ देवघराच्या उंबऱ्याशी गेलं, एक गिरकी घेतली, आणि देवादेखत बसून मोकळं झालं.

 अंजनाबाईंचा हात कपाळावर. नीलकंठरावांनी वर्तमानपत्र वर केलं आणि त्याच्या आड गेले. पुरुष संकटात कुठे जातो? पेपराच्या आड!

गोमूत्र झालं, गंगाजल झालं, पोट्टीचा, म्हणजे पूर्णिमेचा, उद्धार झाला. शेवटी अंजनाबाईंनी निकाल दिला. "पाह्य पुनी. फाल्गुनात पियुषच्या घरचे तुले पाहाले येऊन राहिले. भिलाईचा पोरगा, सोन्यासारखं घर. तोवर हे कुत्रं बाहेर जाणं शिकलं तर राहील. त्या दिवशी जर घरात एक थेंब सांडला, तर तुझा श्यामकांत मामा याले उरल्याले नेईन. फॅक्टरीच्या गेटवर."

उरल्याचं गेट म्हणजे दिवसरात्र लोखंडाचे ट्रक. पूर्णिमेने पिल्लाला छातीशी घट्ट धरलं. आजच तर त्याला चाकाखालून काढलं होतं…

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती डॉक्टरच्या दारात. चारुदत्तने तिला पाहिलं, आणि काही कारण नसताना चष्मा पुसला.

"नाम रखा?"

"फुटाणा."

"अच्छा है। छोटा, गरम… और हाथ से छूट जाता है।"

त्याने जंताचं औषध पाजलं, लसीची पहिली सुई दिली, पुढच्या सुयांचं सांगितलं. सुया पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांच्या जागी हुंगू द्यायचं नाही. गाईचं दूध नाही, कांदा नाही, चॉकलेट तर विषच. कानात, बोटांमध्ये गोचीड बघायची. आणि मुख्य म्हणजे, झोपेतून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की, लगेच उचलून ठरल्या जागी न्यायचं.

"आणि घरात केलं तर? आई म्हणते, नाक घासा त्याचं."

"बिलकुल नहीं! डाँट से वो इतना ही सीखता है कि आप खराब हैं। सही जगह करे तो उसी वक़्त शाबाशी दीजिए। देर से दी हुई शाबाशी उसकी समझ में नहीं आती।"

"माणसांचंही तसंच असते," पूर्णिमा फुटाण्याच्या कानाशी खेळत म्हणाली. "कोणी चांगलं वागलं तर तेव्हाच सांगावं लागते…"

चारुदत्तच्या हातातला कापूस खाली पडला. तो उचलायला वाकला आणि खूप वेळ वाकलेलाच राहिला.

"शुरू में रद्दी पेपर बिछाइए," टेबलाखालून आवाज आला. "पेपर पर करने की आदत पड़ जाए, तो पेपर रोज थोड़ा-थोड़ा आँगन की तरफ खिसकाइए। पहचान जाएगा।"

सल्ला सोन्यासारखा. पण सोनं कुठल्या तिजोरीत ठेवावं लागतं, ते डॉक्टरला काय माहीत!

अंजनाबाई दुसरी शिकल्या नि शाळा सुटली. पण कागदाचा मान त्यांच्याएवढा मास्तरही राखत नसेल. भज्याच्या पुडीच्या कागदाला पाय लागला तरी त्या वाकून हात कपाळाला लावणार. पूर्णिमा मागच्या दारी पेपर पसरते आहे हे पाहून त्या धावत आल्या.

"अक्षरावर? अक्षरावर मुतवतं त्याले? सरस्वती आहे ते, सरस्वती! ज्याले मिळाली नाही त्याले विचार तिची किंमत!"

"आई, रद्दी आहे—"

"देवाची मूर्ती जुनी झाली म्हणून तिच्यावर भांडे घासतं का तू?"

याला उत्तर मंत्रालयातही मिळालं नसतं. अंजनाबाई आत गेल्या, माळ्यावरून जुनी विरलेली सतरंजी काढली, लाल-निळ्या पट्ट्यांची. लग्नात नागपूरच्या तुरुंगात विणलेल्या दोन आल्या होत्या. एक वापरून विरली, दुसरी ट्रंकेत पाहुण्यांसाठी होती. विरलेलीचे त्यांनी विळीवर टराटरा तुकडे केले. "घे. यावर शिकव."

आणि काय सांगावं, फुटाणा शिकला! लाल-निळा पट्टा दिसला की गिरकी घ्यायची, बसायचं, आणि मग 'शाब्बास रे माझ्या राजा' ऐकायला मान वर करायची. शाबाशी आधी पूर्णिमा देत होती. मग एक दिवस ऑफिसातून आली तर अंगणातून आवाज, "शाब्बास रे माझ्या वाघा!" ती दारातच थबकली. आई! तिची आई! पूर्णिमेला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच पाऱ्यात, दुसऱ्याच मोहल्ल्यात शिरलो.

डॉक्टरकडे सुई असो वा नसो, फेरी होतच होती. कधी कान खाजवतो म्हणून, कधी शिंकला म्हणून. एकदा तर "काल जास्त खुश होता, ते काही बरोबर नाही वाटलं" म्हणून.

"पेपर पे जा रहा है?" चारुदत्त विचारायचा.

"हो… जाऊन राहिला," ती ओठ चावत म्हणायची. सरस्वतीची कहाणी कोण सांगत बसणार! तिथेच चूक झाली. पण त्या वयात खोटं बोलताना गाल लाल होतात, आणि समोरच्याला वाटतं, ते आपल्यासाठी झाले.

मग एका दुपारी फुटाणा उलटी करून आडवा झाला. डोळे अर्धे मिटलेले, पोट थरथरणारं.  पायात एकच चप्पल घालून पूर्णिमा वळणावरच्या दवाखान्यापर्यंत धावली, आणि चारुदत्त समोरची पेशंट बकरी मालकाच्या हातात देऊन तिच्यामागे धावला.

घरात आल्या आल्या त्याने हिरडी दाबून पाहिली, ताप पाहिला, कातडी ओढून पाहिली. चारुदत्तचं तोंड पांढरंफटक. "खून तो नहीं आया? पार्वो हुआ तो… पिल्ला बचता नहीं। सुइयाँ अभी पूरी नहीं हुई हैं।" मग वळून विचारलं, "खाया क्या इसने?"

"भात अन् अंडं. तुम्ही सांगितलं तेच," पूर्णिमा रडत म्हणाली.

 मग स्वयंपाकघराच्या दारातून एक आवाज आला. इतका बारीक, की तो अंजनाबाईंचा आहे हे नीलकंठरावांनाही ओळखू आलं नाही.

"थोडीशी… बासुंदी."

"बासुंदी?" तिघंही एकदम.

"तोंडाकडे पाहून राहिला होता तो! मी काय दगड आहो? एक वाटी दिली. मग… अजून एक."

चारुदत्तने डोळे मिटले, सुटकेचा श्वास सोडला आणि हसू दाबलं. सलाईन कातडीखाली दिलं, औषध दिलं, आणि फुटाणा मान वर करेपर्यंत उठला नाही. संध्याकाळ झाली. पूर्णिमेने चहा आणला. कप घेताना बोटांना बोटं लागली. ना त्याने हात मागे घेतला, ना तिने. चहा बिचारा मध्येच हिंदकळत राहिला.

"डॉक्टर," अंजनाबाई आल्या आणि चहा एकदम त्याच्या मांडीवर सांडला. "मराठी माणूस न तुम्ही? मग घरात हिंदी काहून?"

"जी… वो… जीभ लड़खड़ाती है।"

"लडखडू द्या. लेकरू पडते तेव्हाच चालाले शिकते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक काम होतं. येत्या रविवारी याले झोपेची सुई द्याल? पाहुणे येऊन राहिले."

"सिर्फ मेहमानों के लिए सुई? नहीं काकू, इतने छोटे को नहीं।" त्याला धक्काच बसला. "ऐसे कौन मेहमान हैं?"

"पुनीले पाहाले. भिलाईचे."

बॅगेत सिरिंज ठेवणारा त्याचा हात तिथेच थांबला. पूर्णिमेला वाटलं आता तो काही बोलेल. आत्ता… आत्ता बोलेल. चारुदत्तने बॅग बंद केली. कडी दोनदा चुकली.

"सुई नको," तो म्हणाला. मराठीत! "मी येतो. मागच्या अंगणात… धरून बसतो त्याला."

पूर्णिमा त्याच्यामागे स्कूटरपर्यंत गेली. आत असा भडका उडाला होता की थंडी कळली नाही.

"काहून हो म्हटलं तुम्ही?"

"फुटाणा उरला के गेट पर चला जाए, ये आपको चलेगा?"

"फक्त फुटाण्यासाठी?"

त्याने किक मारली. स्कूटर सुरू झाली नाही. पुन्हा मारली. "भिलाईचा मुलगा… अच्छा होगा?" त्याने विचारलं, तिच्याकडे न बघता.

"सोन्यासारखं घर आहे म्हणते आई."

"मग…" तो थांबला. "मग ठीक है।" आणि तिसऱ्या किकला ती मेली स्कूटर सुरू झाली. काही वस्तूंना वेळकाळ कळत नाही.

रविवार उगवला. पूर्णिमेने मोरपंखी साडी नेसली, ती नेसताना एकदाही आरशात पाहिलं नाही. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली चारुदत्त पाटावर बसला होता, फुटाणा मांडीवर. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता वेडा! दुसऱ्याने मुलगी पाहायची, आणि याने इस्त्री करायची. दोघांची नजर दारातून एकदा भेटली. तिने डोळ्यांनी विचारलं, अजूनही? त्याने फुटाण्याच्या डोक्यावरून हात फिरवला, जणू उत्तर तिथेच लपवलंय.

पुढच्या खोलीत अंजनाबाईंनी ट्रंकेतली सतरंजी काढून पसरली. कोरी करकरीत, लाल-निळ्या पट्ट्यांची. विरलेलीची जुळी बहीण. आणि इतक्या शहाण्या बाईच्या मनात काही आलं नाही. शहाणपण असंच असतं, रोज पाणी भरतं आणि सणाच्या दिवशी घागर फोडतं.

पियुष आला, त्याची आत्या आली. आत्याबाईंची साडी चंदेरी, जीभ करवती. मुलगी उंच आहे, पण चालेल. नोकरी करते, पण सोडेल. रंग बरा आहे, उजेडात अजून बरा दिसेल. पियुष सारखा घड्याळ पाहत होता. पूर्णिमा खाली मान घालून सतरंजीचे पट्टे मोजत होती, आणि एकाएकी तिला मागच्या दारचे सतरंजीचे तुकडे आठवले. लाल… निळा… लाल… निळा…

देवा!

ती आईला खुणावणार, तेवढ्यात आत्याबाईंनी मोठ्या आवाजात निकाल लावला. इतक्या मोठ्या, की मागच्या अंगणात पेरूवरचे राघू उडाले. "चला, आम्हाले पोरगी पसंत आहे!"

मागे पाट सरकल्याचा आवाज झाला. मग चार छोट्या पायांची टपटप. फुटाणा स्वयंपाकघरातून सुसाट आला, सतरंजी दिसताच ब्रेक लावला. केवढी मोठी! त्याने आयुष्यात एवढी मोठी जागा पाहिली नव्हती. आत्याबाईंच्या चंदेरी काठाशी त्याने सुरेख गिरकी घेतली, बसला, आणि काम होताच शाबाशीसाठी मान वर केली.

 आत्याबाईंचा लाडू तोंडातच राहिला. नीलकंठरावांनी पेपर शोधला, तो नेमका सापडला नाही. आणि पियुषने पाय उचलला. फुटाणा केकाटत भिंतीशी जाऊन पडला.

पूर्णिमा किंचाळून धावली. मागच्या दारातून चारुदत्त धावला. दोघंही एकदमच वाकले, पंडरीत वाकले होते तसेच. त्याने बरगड्या चाचपल्या, पाय हलवून पाहिले. "ठीक है… ठीक आहे. घाबरला फक्त."

"शी! हेच वळण लावता का घरात?" आत्याबाई कडाडल्या.

अंजनाबाई सतरंजीकडे पाहत होत्या. लाल पट्टा, निळा पट्टा, मध्ये ओला डाग. त्यांचा चेहरा असा झाला, जणू सगळा हिशेब एकाच घोटात गिळावा लागला.

"वळण?" त्या हळू म्हणाल्या. मग आवाज चढला. "वळणच लावलं बाई! सतरंजीवर जा म्हणून मीच शिकवलं त्याले, या हातानं. शिकवलं तसं वागलं ते मुकं जनावर. तुमचा पोरगा एवढा शिकला, मुक्यावर पाय उचलू नये हे त्याले कोणी शिकवलं नाही वाटते? आज कुत्र्यावर उचलला, उद्या कोणावर उचलन?"

"आमचा अपमान—"

"लाडू संपवून जा. अन्नाचा अपमान आमच्या घरी होत नाही."

पाहुणे गेले. लाडू राहिले.

खोलीत चौघं आणि एक पिल्लू. पूर्णिमेच्या मांडीवर फुटाणा, समोर गुडघ्यांवर चारुदत्त, चष्मा वाकडा. तिने अगदी हळू विचारलं, "तुम्ही तर धरून बसले होते न?"

"हात… सुटला."

"डॉक्टर," अंजनाबाई मागून म्हणाल्या. त्या आवाजाने भिंती सरळ झाल्या. "गाई-म्हशी धरता तुम्ही. एवढंसं पिल्लू सुटलं हातून?"

चारुदत्त उभा राहिला. कान लालबुंद.  तो हिंदीत सुरू करणार असं वाटलं, पण त्याने ओठ मिटले, मग उघडले.

"काकू… ते म्हणाले, पोरगी पसंत आहे. मी ऐकलं. माझा हात…" तो अडखळला. "पहिले सुटला. मग पकडू शकत होतो. पकडला नाही मी. चूक झाली. फुटाण्याला मार लागला, तो माझ्यामुळे. पण… मला पूर्णिमा पाहिजे. म्हणजे… पाहिजे असं नाही. आवडते. फार. मराठी चुकली असेल तर माफ करा."

अंजनाबाई मटकन खाली बसल्या. सतरंजीवर नाही, बाजूला. आजच्या दिवशी त्यांना अजून एक धक्का बसेल असं त्यांच्या सात पिढ्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"नाही," पूर्णिमा म्हणाली. डोळे भरलेले, ओठ हसणारे. "पण… वाट पाहून राहिली होती."

"चांगलं वागलं की तेव्हाच सांगावं लागते, हे डॉक्टरनेच शिकवलं," ती त्याच्याकडे वळून पुढे म्हणाली. "तुम्हीच उशीर केला." मग आवाज अगदी खाली आला. "शाब्बास."

चारुदत्तचा चेहरा असा फुलला, की फुटाण्यानेसुद्धा शेपटी हलवली. शाबाशी कोणालाही मिळो, ती त्याची अर्धी.

अंजनाबाई उठल्या. सतरंजी गोळा केली, मोरीत भिजत टाकली. मग खुर्चीखाली पडलेला नीलकंठरावांचा पेपर उचलला. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. दोन्ही हातांनी कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटल्या, आणि मागच्या अंगणात पेरूखाली जाऊन तो पसरून आल्या.

"आई!" पूर्णिमेचे डोळे विस्फारले. "अक्षरावर?"

"सरस्वतीची माफी मागितली मी. तिलेही पोरी असतीन." त्यांनी पदराने हात पुसले. "आजपासून त्याले कागदावर शिकव. सतरंजी धुवून वाळली पाहिजे."

"एवढी काय घाई आहे?"

अंजनाबाईंनी चारुदत्तकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इस्त्रीच्या शर्टावर फुटाण्याच्या चिखलाचे दोन पंजे उमटले होते.

"यांची आई येईन तर तिले काय जमिनीवर बसवतं?"